सांगशाकचा डोंगर

दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी देणाऱ्या लढाया शाळेत आम्हाला तोंडपाठ होत्या. जून १९४२ मधलं मिडवे, त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातलं अल अलामेन, फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मनांनी शस्त्रं खाली ठेवली ते स्टालिनग्राड. नकाशावर तिन्ही ठिकाणी डोळे मिटून बोट ठेवता येई. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या आमच्या घरापासून ही तिन्ही ठिकाणं फार लांब होती. युद्ध मात्र तेवढं लांब नव्हतं.

६ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. रायपूर-विजयानगरम रेल्वे पुरी होऊन तेव्हा अकराच वर्षं झाली होती, आणि ती बांधली होती मुळी विशाखापट्टणमच्या बंदरासाठी. म्हणजे आमच्या गावातून निघणाऱ्या रुळांच्या त्या टोकाशी युद्ध येऊन पोचलं होतं. आजी तेव्हा नवी सून होती. बूढातलावावर धुणं धुताना बायका ‘जपान आला तर पोरांना घेऊन कुठे जायचं’ हेच बोलत, असं ती सांगे. रॉकेल मिळेना, कापड मिळेना, सुटे पैसे तर दिसेनासे झाले. तिच्या देवघरातल्या डब्यात एक भोकाचा पैसा अजून आहे. १९४३ चा. धातू वाचवायचा म्हणून सरकारने पैशाचा मधला भागच काढून टाकला होता. भोकाची कड बोटाला लागून लागून गुळगुळीत झाली आहे, कारण तो पैसा माझ्या वडिलांच्या कमरेच्या करगोट्यात ओवलेला होता. वडील त्याच वर्षी जन्मले. त्याच वर्षी बंगालात लाखो माणसं अन्नाविना मेली. कोणत्याही लढाईच्या यादीत ती येत नाहीत. यावी असं मला वाटतं, कारण युद्धाने मारलेलीच ती माणसं आहेत.

आमच्या घरांत लढायांच्या गप्पांना तोटा नाही. छत्तीसगडात मराठी माणूस आला तो नागपूरकर भोसल्यांच्या मागोमाग, त्यामुळे रायपूरच्या मराठी बैठकीत पानिपत दर वर्षी नव्याने लढलं जातं. विश्वासरावाला गोळी लागली नसती तर, भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते तर. मला हे मनापासून आवडतं. हरलेल्या लढाईचा इतका अभिमान आणि इतकं दुःख एकाच वेळी बाळगणारा समाज मी दुसरा पाहिलेला नाही. पण म्हणूनच एक गोष्ट खुपते. १९४४ च्या मार्चमध्ये मराठी पोरं एका डोंगरावर अशीच लढली, आणि त्या डोंगराचं नावही आमच्या बैठकीत कुणी घेत नाही.

सांगशाक हे मणिपुरात उखरूलच्या बाजूचं तांगखुल नागांचं गाव. जपानी सेना चिंदविन नदी ओलांडून इंफाळ आणि कोहिमाकडे निघाली होती. कोहिमाच्या पलीकडे दिमापूर, म्हणजे रेल्वे आणि साऱ्या आघाडीचा दाणागोटा. वाटेत होती पन्नासावी भारतीय पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्या जोडीला चौथी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १९ मार्चपासून पुढच्या चौक्यांवर झुंज सुरू झाली, आणि मग सगळे मागे सरून सांगशाकच्या डोंगरावर गोळा झाले. खाली खडक, त्यामुळे खंदक कमरेइतकेही खोल जाईनात. काटेरी तार नव्हती. डोंगरावर पाणी नव्हतं. विमानातून टाकलेल्या सामानातलं बरंचसं जपान्यांच्या हद्दीत जाऊन पडे. मेलेली खेचरं तिथेच कुजत होती. टोकाला एक चर्च होतं, ते एकाच दिवसात हातचं जाई आणि परत येई. त्या पोरांमध्ये बेळगावला तालीम घेतलेले शेतकऱ्यांचे मुलगे होते. मार्चमध्ये त्यांच्या घरी ज्वारीची काढणी चालू असेल.

२६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला. जे चालू शकत नव्हते त्यांतल्या काहींना मागे सोडावं लागलं. बाकीचे अंधारात जंगल तुडवत इंफाळकडे निघाले. डोंगर गेला, ब्रिगेड मोडली, आणि वर दोषही तिच्याच माथी आला.

खरं गणित वेगळं होतं. जपानी सेनानी मियाझाकींची फौज कोहिमाच्या वाटेवर होती. सांगशाक तिच्या वाट्याचं नव्हतंच, शेजारच्या डिव्हिजनचं होतं. तरी ते वाट वाकडी करून तिथे भिडले, शेकडो माणसं गमावून बसले आणि बरेच दिवस अडकून पडले. एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळचे नकाशे हाती आले, त्यांत कोहिमाचा बेत होता. जपानी कोहिमाला धडकले ४ एप्रिलला. तिथल्या शिबंदीला कुमक मिळाली ती दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिलला. आठवडाभर आधी जपानी पोचते तर कोहिमात त्यांना अडवायला फारसं कुणी नव्हतं. २२ जूनला इंफाळचा रस्ता मोकळा झाला. त्या मोहिमेत जपान्यांची हानी ५० हजारांच्या पुढे गेली. २०१३ मध्ये लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमने ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई कोणती असं विचारलं, तेव्हा कौल मिळाला इंफाळ-कोहिमाला. वॉटर्लू मागे पडलं.

कलाटणी देणाऱ्याला आपण ती देतोय हे कळत नाही, आणि बहुधा ती त्याच्या वाट्याला विजय म्हणून येतही नाही. डोंगरावरच्या शिपायाच्या हिशेबात सांगशाक म्हणजे तहान, कुजका वास आणि मागे राहिलेला जोडीदार. कोहिमा वाचलं हे त्याला कुणी सांगितलं असेल तर ते फार उशिरा. ब्रिगेडच्या कामगिरीची सेनेने जाहीर दखल घेतली ती ३१ ऑगस्ट १९४४ ला.

यात एक काटा आहे आणि तो मला काढता येत नाही. त्याच मोहिमेत जपान्यांबरोबर आझाद हिंद फौजेच्या तुकड्याही होत्या. १४ एप्रिलला मोइरांगला त्यांनी तिरंगा फडकवला. त्या फौजेत वरच्या हुद्द्यावर होते सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले. पुढे स्वतंत्र भारतात ते पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. मग सांगशाकला इंग्लंडच्या राजाच्या नावाने लढलेली मराठी पोरं कोणासाठी लढली? रायपुरातले किती तरी जण १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेले होते, त्यांना हा प्रश्न सोपा वाटला असता. मला वाटत नाही. पगारासाठी, भाकरीसाठी, पलटणीच्या नावासाठी ती लढली असतील. पण तिथे ती मागे हटली असती तर आपल्या डोंगरांतून, आपल्या खेड्यांतून जी सेना आत आली असती, तिने नानकिंग आणि सिंगापुरात काय केलं ते आज जगाला ठाऊक आहे. आणि जगन्नाथरावांचं देशप्रेमही खोटं नव्हतं. दोघांनाही मी आपलं मानतो.

यंदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बूढापाऱ्यातल्या आमच्या मराठी बैठकीत बोलायची पाळी माझी आहे. विषय ठरलेलाच होता, पानिपत. मी कळवून टाकलंय की सांगशाकवर बोलणार, आणि त्याच तासात जगन्नाथरावांवरही. वाद होईल. व्हायलाच हवा.