सूर्याचा कोप

जगबुडीची कल्पना करूं लागलें कीं मनुष्याच्या डोळ्यांपुढें महापूर, भूकंप अथवा अग्निवर्षाव उभा राहतो. आम्हांस मात्र ज्या आपत्तीचा धाक वाटतो, ती एकदां येऊन गेली आणि तिची चाहूलही बहुतेकांस लागली नाहीं.

१ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन ह्या ज्योतिर्विदास सूर्यबिंबावर अकस्मात् प्रखर तेज चमकलेलें दिसलें. दुसऱ्याच दिवशीं सूर्यापासून सुटलेल्या विद्युद्भारित कणांच्या लोटानें पृथ्वीचें चुंबकत्व खवळलें. मुंबईंत कुलाब्याच्या वेधशाळेंतील चुंबकसूचीनें तें वादळ नोंदलें. अमेरिकेंत कांहीं ठिकाणीं विद्युद्घट सोडवून ठेवले, तरी तारांत आपोआप उत्पन्न झालेल्या प्रवाहावर संदेश जात राहिले. पण आमच्या आजे-पणज्यांच्या घरचें जातें थांबलें नाहीं, कीं विहिरीवरचा रहाट अडला नाहीं.

पुढें मार्च १९८९ मध्यें त्याहून सौम्य वादळ आलें आणि कॅनडांतील क्वेबेक प्रांत सुमारें ९ तास अंधारांत बुडाला. आज १८५९ चें वादळ परतलें तर? आमच्या घरीं वीज गेली कीं पंप थांबतो, नळ कोरडा पडतो. आणि परसांतली विहीर तर आम्हीं आपल्या हातांनींच बुजविली! सूर्य होता तसाच आहे. नाजूक झालों ते आम्ही. सुधारणा टाकून द्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. एखादी विहीर उघडी असूं द्यावी, इतकेंच आमचें म्हणणें.