पवनाकाठची तंबूवस्ती

लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या दुर्गांच्या सान्निध्यात मावळातील पवना जलाशय पसरला आहे. याच तालुक्यातील पाले येथील प्राचीन जैन शिलालेखात लेण्यासह पाण्याची पोढी खोदविल्याचा उल्लेख आहे. मुक्कामाची सोय या भूमीस नवी नाही. आता काठावरील खासगी जमिनींत शनिवारी तंबू उभे राहतात, शेकोट्या पेटतात आणि मालकास भाडे मिळते.

खरा धोका पाण्याचा. उन्हाळ्यात पाणी मागे हटते, तसे तंबूही पुढे सरकतात. परंतु उघडी पडलेली ती जमीन धरणासाठी संपादित झालेली असते, मालकाच्या सातबाऱ्यावर नसते. तेथे कोणी बुडाल्यास विमा कंपनी प्रथम नकाशा मागेल. म्हणून हद्दीवर कुंपण, दिवा आणि रात्रीचा रखवालदार हवाच. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी सही घेतल्याने मालकाचा निष्काळजीपणा झाकला जात नाही.

तंबूचालकाशी ‘लीव्ह अँड लायसन्स’चाच करार करावा, १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमानुसार अशा परवानगीने जमिनीत हक्क निर्माण होत नाही. सार्वजनिक दायित्वाचा विमा स्वतंत्र घ्यावा. मद्य-मांसाची बंदी करारात लिहावी. आपल्या घरांत ती आचाराची बाब आहे. येथे मद्य पिऊन रात्री पाण्यात उतरणाऱ्याच्या प्राणाचा प्रश्न आहे. बंद तंबूत कोळशाची शेगडीही नको, तिचा विषारी वायू झोपेतच घात करतो.

विम्याचा हप्ता आणि रखवालदाराचा पगार वजा जाता भाड्यात काय उरते, हा हिशेब सहीपूर्वीच मांडावा.