विक्री की वाटप?

हवे ते दिवाळी अंक जबलपुरात मिळतीलच असे नाही, म्हणून ते मी महाजालावरून मागवतो. मागे एका विक्रेत्याच्या संकेतस्थळावर चार अंक निवडले आणि पैसे भरायला गेलो, तर आधी खाते उघडण्याचा हुकूम! परवलीचा शब्द, मोबाइल, जन्मतारीख. पत्ता विचारला ते रास्तच, अंक पाठवायचे कोठे? पण जन्मतारीख कशाला? बडा फुहाऱ्याच्या बाजारात दुकानदाराने अशी उलटतपासणी आरंभली, तर गिऱ्हाईक पायरीवरूनच परतेल.

प्रशासनात तीसेक वर्षे काढल्यामुळे मला नोंदणीचे वावडे नाही. वस्तू अपुरी आणि दर बाजारभावाहून कमी असला, की घेणारा कोण हे पाहावेच लागते. शिधापत्रिका त्यासाठीच असते. १ जुलै २०२५ पासून रेल्वेचे तत्काळ तिकीट ऑनलाइन काढायला आधार-प्रमाणित खाते लागते. त्या सुमारास अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खाती बंद करण्यात आली. दलालांना आवर घालायचा तर हे करणे भागच होते. पण ते वाटप झाले. दिवाळी अंकाची विक्री असते. पैसे आले की व्यवहार संपला.

नोंदणीने विक्रेत्याचा तरी लाभ होतो का? जॅरेड स्पूल या अमेरिकी तज्ज्ञाने २००९ मध्ये एका मोठ्या विक्रेत्याची हकीकत लिहिली. ‘नोंदणी करा’ हे बटण काढून ‘पुढे चला’ एवढेच ठेवताच खरेदी पुरी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. वर्षभरात विक्रीत ३० कोटी डॉलरची भर पडली. मला त्यातला दुसराच तपशील मोलाचा वाटतो: एकूण गिऱ्हाइकांपैकी ४५ टक्क्यांची एकाहून अधिक खाती निघाली, काहींची तर दहा. म्हणजे एवढा खटाटोप करूनही ओळख पटत नव्हतीच!

आपल्याकडे मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये असे सुचवले. त्याच वर्षीच्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार संमती ही कामापुरत्या आवश्यक माहितीपुरतीच धरली जाते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदींना मात्र १८ महिन्यांची मुदत आहे.

परदेशस्थ वाचकांची अडचण तर माझ्याहून बिकट. पुण्यातल्या आईला एखादी वस्तू धाडायची, पैसे तयार, पत्ता पाठ. पण दहा आकडी भारतीय क्रमांक नसेल, तर ओटीपी यायचा कोठे?