इंजिन बदललं, हवा विसरलो

जुन्या पिकअपमध्ये दुसरं इंजिन बसवायचं म्हटलं की सगळं लक्ष इंजिनाकडे जातं. फाउंडेशन कुठे घ्यायची, बेल हाउसिंगची होलं जुळतात का, सायलेन्सरचा पाइप कुठून काढायचा. जोगेश्वरीत गॅरेज चालवताना मीही एवढंच बघत होतो. माझ्या हातून ज्या गाड्या बिघडल्या त्या बहुतेक एकाच कारणाने बिघडल्या: इंजिनात तयार होणारी उष्णता बाहेर कशी जाणार, याचा विचार मी सगळ्यात शेवटी केला. गिऱ्हाइकं ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ म्हणून सोडून देत. पण चूक गाडीच्या वयाची नव्हती, माझी होती.

आमच्याकडे महिंद्राच्या जीप-पिकअप भरपूर यायच्या. कांदिवलीचा कारखाना इथून चारच स्टेशनं पुढे. ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार, मंडपवाले, भंगारवाले, सगळ्यांचा माल या गाड्या वाहायच्या. त्यांतल्या जुन्या पेट्रोल गाड्यांत विलीजच्या रचनेचं हरिकेन इंजिन असे, चार सिलिंडरचं, २१९९ सीसी. पेट्रोलचा खर्च झेपेना, म्हणून मालक डिझेल इंजिन मागत. एमएम ५४० जीपमधलं प्यूजोच्या रचनेचं एक्सडीपी ४.९०, म्हणजे २११२ सीसीचं डिझेल, कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळून जायचं. चेन कप्पीने जुनं काढायचं, नवं उतरवायचं, पाती वेल्डिंग करून फाउंडेशन द्यायची. इथवरचं काम मी चांगलं करत होतो.

एका मंडपवाल्याच्या गाडीत इंजिन बसलं, पण फॅनची पाती रेडिएटरला जवळजवळ टेकली. इंजिन थोडं मागे घ्यायचं तर फाउंडेशन पुन्हा कापावी लागणार होती, गिअरचा दांडाही हलणार होता. मी सोपा रस्ता धरला. वॉटर पंपावरचा फॅन काढला, त्याभोवतीचं पत्र्याचं श्राउड काढलं आणि छोट्या कारचा इलेक्ट्रिक फॅन रेडिएटरच्या पुढच्या बाजूला बांधला. मालकाला सांगितलं, आता इंजिनावर फॅनचा भार नाही, डिझेल वाचेल.

त्यात अर्धं खरं होतं. बेल्टवर फिरणारा फॅन इंजिनाची ताकद खातोच, आणि वेग दुप्पट झाला की त्याला जवळजवळ आठपट ताकद लागते. पण माझा फॅन रेडिएटरचा जेमतेम अर्धा भाग झाकत होता. उरलेल्या जाळीतून हवा ओढायला काहीच नव्हतं. फॅनभोवती श्राउड असलं तर तो पूर्ण जाळीतून हवा खेचतो. ते नसलं तर पात्यांसमोरचा गोल तेवढा थंड होतो, आणि बाजूने निसटलेली गरम हवा पुन्हा फिरून पुढे येते. रेडिएटरही मी जुनाच ठेवला होता. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी पिऊन त्याच्या नळ्यांत क्षार बसला होता. तो मी खोलून साफ केला नाही, फक्त वरून पाण्याचा फवारा मारला.

ही गाडी सामान भरून नाशिकला निघाली. हायवेवर काही झालं नाही, कारण वेगात समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. कसारा घाटात मात्र वेग कमी आणि भार पूर्ण. तिथे हेड गॅसकेट गेलं आणि हेड वाकलं. लग्नाच्या मांडवाचं सामान रस्त्यातच अडकलं. हेडच्या फेसिंगचा खर्च मी केला, पण त्या घरच्यांची जी अडचण झाली ती काही भरून देता आली नाही.

त्याहून मोठी चूक मी त्यानंतर केली. ड्रायव्हर सांगत होता, “भाऊ, टेंपरेचरचा काटा तर मधल्या खुणेच्याही खाली होता.” मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. मीटरकडे बघितलं नसणार, आता खोटं बोलतोय, असं मालकासमोर म्हणालो. पुढे शंका आली म्हणून सेन्सर काढला आणि उकळत्या पाण्याच्या भांड्यात धरला. काटा मधल्या खुणेपर्यंतही आला नाही. मीटर पेट्रोल गाडीचा होता, सेन्सर डिझेल इंजिनाचा. दोघांचा रेझिस्टन्स जुळत नव्हता, त्यामुळे तो मीटर पहिल्या दिवसापासून कमी दाखवत होता. त्यात आणखी एक गोष्ट असते: पाणी उडून सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली येतो. ड्रायव्हरने जे पाहिलं तेच सांगितलं होतं. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली आणि मालकालाही सांगितलं. मालकाने मात्र तोवर दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. हे मला आजही सलतं.

बाकीच्या चुकाही लिहून ठेवतो. गाडी गरम होते म्हटलं की मी थर्मोस्टॅट काढून टाकायचो. ज्या इंजिनात बायपास असतो, तिथे थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात परततं. एरवीही इंजिन थंडच चालतं आणि लवकर झिजतं. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालेलं असलं तरी तेच झाकण परत लावायचो. ०.९ बारचं चांगलं झाकण दाब धरतं, म्हणून पाणी सुमारे ११९ अंशांपर्यंत उकळत नाही. गळकं झाकण असलं की पाणी शंभरालाच उकळून बाहेर पडतं. इलेक्ट्रिक फॅनची वायर मी रिले न घालता सरळ चावीच्या स्विचवरून घ्यायचो. असा फॅन सहज १५–२० अँपिअर ओढतो. एका गाडीत डॅशबोर्डखालची वायर वितळून धूर निघाला. जुना डायनॅमो असेल तर आणखी पंचाईत, कारण आयडलवर तो धड चार्जिंगही देत नाही, आणि फॅनची खरी गरज नेमकी तेव्हाच असते.

दुसऱ्या एका गाडीत फॅनच्या वायरी उलट जोडल्या गेल्या. पात्यांकडे बघून ते कळत नाही. तेव्हापासून जाळीसमोर वर्तमानपत्राचं एक पान धरून बघतो. पान जाळीला चिकटलं तर हवा आत जातेय. पान दूर उडालं तर फॅन समोरच्या वाऱ्याशी झगडतोय.

गाडी कुठे गरम होते, हे विचारायलाही मी उशिरा शिकलो. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागल्यावर थंड होते, तर दोष फॅनमध्ये किंवा श्राउडमध्ये. हायवेलाच तापते, तर आधी रेडिएटर, पंप आणि गॅसकेट बघायचं. हा एक प्रश्न आधी विचारला असता तर कितीतरी हेडं उगाच खोलली नसती.

कागदाच्या बाबतीतही मी गिऱ्हाइकांना अंधारात ठेवलं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला नोंदणी कार्यालयाची परवानगी लागते, आणि परवानगीशिवाय बदललं असेल तर १४ दिवसांत कळवावं लागतं. आरसी बुकात जुना इंजिन नंबर तसाच राहिला की पासिंगला आणि विम्याला मालक अडकतो. हे सांगायचं काम माझं होतं. मी ‘काम झालं’ म्हणून चावी हातात द्यायचो.

आता इंजिन आणण्याआधी मी रेडिएटर खोलून साफ करतो, फॅन आणि जाळी यांच्यात किती जागा राहील ते मोजतो, श्राउड बनवूनच घेतो. बेल्टवरचा फॅन बसत असेल तर तोच ठेवतो, भले फाउंडेशन दुसऱ्यांदा कापावी लागोत. मीटर आणि सेन्सर जोडीनेच घेतो. या सगळ्यासकट, परवानगीच्या खर्चासकट जो आकडा येतो, तोच इंजिन बदलण्याचा खरा खर्च. तो गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगायचा. परवडत नसेल तर त्याचं जुनं इंजिनच नीट बांधून द्यायचं. त्यात पैसे कमी मिळतात, पण गाडी घाटात अडकत नाही आणि कुणा ड्रायव्हरची रोजी जात नाही.