कोरडा कुंचला

सध्या कोरड्या कुंचल्याचा सराव चालू आहे. जलरंगात बुडवलेला ब्रश फडक्यावर टिपायचा आणि खरखरीत कागदावरून आडवा, हलक्या हाताने ओढायचा. रंग उंचवट्यांवरच बसतो, खळगे पांढरे राहतात; झाडाची साल, वाळलेलं गवत असंच उमटतं. जलरंगात उजेड कागदाचाच, म्हणून तो आधी राखावा लागतो. ग्वाश हा रंग अपारदर्शक, गडद थरावरही त्याने उजळ पाती काढता येतात. मात्र खालचा थर पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर तो विरघळून वर येतो. चित्रकार ड्यूररने १५०२ मध्ये सशाची लव याच दोन माध्यमांत रंगवली. चित्रकार अँड्र्यू वाएथ कोरड्या कुंचल्यासाठी ब्रशमधलं पाणी बोटांनी पिळून थरावर थर विणत असे. एवढा संथपणा मला मनापासून हवा आहे. त्यातच नजर खऱ्या अर्थाने पाहायला शिकते.