सहा दिवस आणि एक रविवार

१८३५ सालच्या बँकॉकमध्ये उपासनेचा दिवस चंद्र ठरवत असे. शुद्ध अष्टमी, पौर्णिमा, वद्य अष्टमी आणि महिन्याची शेवटची तिथी, असे महिन्यातले चार दिवस सयामी माणूस विहारात जाई, पंचशील घेई, भिक्षूंना अन्न देई. हे दिवस कधी सोमवारी येत, कधी गुरुवारी. या शहरात १८ जुलै १८३५ रोजी डॅन बीच ब्रॅडली नावाचे अमेरिकी डॉक्टर पत्नी एमिलीसह उतरले. त्यांच्या वयाला त्या दिवशी ३१ वर्षे पूर्ण झाली होती. बरोबर औषधे होती, शस्त्रक्रियेची हत्यारे होती आणि सिंगापूरहून घेतलेला छापखाना होता, सयामी खिळ्यांसकट. आणि होता एक न हलणारा वार, रविवार.

त्यांना पाठवणारी बोस्टनची संस्था मराठी वाचकांना परकी नाही. याच अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३मध्ये मुंबईला पोचले होते. अहमदनगरचे ठाणे १८३१चे, आणि तिथूनच १८४२मध्ये 'ज्ञानोदय' निघाले. नगरला आणि बँकॉकला जाणारी पत्रे एकाच कचेरीतून निघत. पण दोन्हीकडे भेटलेली माणसे वेगळी होती. मुंबईत मिशनऱ्यांच्या टीकेला भरसभेत उत्तरे मिळत. मोरभट दांडेकरांनी १८३१मध्येच जॉन विल्सन यांच्याशी जाहीर वाद घातला होता. बँकॉकमध्ये ब्रॅडलींना असा कडकडाट ऐकू आला नाही. तिथे लोक हसून घरात बोलवत, पानसुपारी पुढे करत, धर्मपत्रक हातात घेत आणि पुन्हा यायला सांगत.

मिशनरी कुटुंबाचा आठवडा कामाने गच्च भरलेला असे. शहराचा मोठा भाग पाण्यावरच होता. चाओ फ्राया नदीत तराफ्यांवर घरे आणि दुकाने तरंगत, रस्त्यांचे काम कालवे करत. पहाटे भिक्षू पात्र घेऊन भिक्षाटनाला निघत, आणि थोड्याच वेळात डॉक्टरांच्या दवाखान्याकडे माणसे येऊ लागत. डोळ्यांत मोतीबिंदू असलेले, गळवे चिघळलेले, तापाने खंगलेले. चिनी, सयामी, मलायी, गरीब आणि सरदारही. दुपारी भाषेचा अभ्यास आणि मुद्रिते. अधूनमधून नावेत पत्रके भरून कालव्यांतून फेरी. दूर गेल्यावर मुक्कामाची चिंता नसे, कारण विहारांच्या आवारातल्या धर्मशाळेत कोणीही वाटसरू उतरू शके. बुद्धाची शिकवण खोटी आहे असे सांगत फिरणाऱ्यालाही ते छप्पर नाकारले जात नव्हते. ही गोष्ट सवयीने वाचून पुढे जाण्यासारखी नाही. जगात फार थोड्या धर्मांच्या आवारांत तेव्हा असे घडत होते.

१३ जानेवारी १८३७ रोजी वाट प्रयून या विहाराच्या उत्सवात दारूकाम उडवताना स्फोट झाला. काही माणसे जागीच गेली. जखमींपैकी एका भिक्षूचा हात वाचण्यासारखा नव्हता. भूल देण्याची युक्ती जगाला अजून गवसायची होती. ब्रॅडलींनी तो हात कापून काढला आणि भिक्षू जगला. सयाममधली ही पहिली पाश्चात्त्य पद्धतीची शस्त्रक्रिया मानली जाते. तिची बातमी शहरभर झाली आणि डॉक्टरांवरचा विश्वास एकदम वाढला. यातली दोन माणसे पाहावीत. एकाला वाटत होते की समोरच्याचा धर्म त्याला नरकात नेणार आहे. दुसऱ्याने त्याच माणसाच्या करवतीखाली आपला हात ठेवला. त्या घटकेला दोघांनी एकमेकांवर जो भरवसा टाकला, तो वर्षभराच्या प्रवचनांतून उभा राहिला नसता.

देवीच्या साथींनी तेव्हा घरेच्या घरे ओस पडत. ब्रॅडलींनी आधी देवीच्या फोडातला अंश टोचून पाहिला. १८४०मध्ये अमेरिकेहून लस आली तेव्हा रीतसर देवी काढायला सुरुवात केली, राजवैद्यांनाही ती रीत शिकवली आणि पुढे सयामी भाषेत लशीवर पुस्तिका छापली. १८४२मध्ये बाळंतपणावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. सयामात बाळंतिणीला कित्येक दिवस विस्तवाशेजारी झोपवण्याची चाल होती. आपल्याकडच्या शेकशेगडीचाच तो अधिक कडक अवतार. ब्रॅडली या चालीविरुद्ध तळमळीने लिहीत राहिले. चाल लगेच सुटली नाही. पण त्या ग्रंथाबद्दल आज आदर वाटतो, कारण परक्या देशातल्या बाईचा देह वाचावा म्हणून कोणीतरी तिच्याच भाषेत, तिच्याच लिपीत, चित्रे घालून पुस्तक केले होते.

छापखान्याचे तसेच झाले. तो आणला होता बायबलचे भाग आणि धर्मपत्रके छापायला. १८३९मध्ये राजा तिसऱ्या रामाने अफूबंदीचा हुकूम काढला आणि त्याच्या ९,००० प्रती याच छापखान्यातून निघाल्या. सयामच्या सरकारचा हा पहिला छापील कागद. ४ जुलै १८४४ रोजी देशातले पहिले वृत्तपत्र, 'बँकॉक रेकॉर्डर', ब्रॅडलींनी सुरू केले. ते वर्षभरच टिकले, पुन्हा १८६५मध्ये निघाले, आणि फ्रेंच वकिलाने गुदरलेला अब्रुनुकसानीचा दावा हरल्यावर बंद पडले. १८६१मध्ये त्यांनी लंडन प्रवासावरचे एक सयामी काव्य छापण्याचा हक्क ४०० बात देऊन कवीकडून विकत घेतला. देशातला हा पहिला लेखनहक्काचा व्यवहार मानतात. १८६५मध्ये 'तीन राज्ये' या चिनी कादंबरीचे जुने सयामी रूपांतर छापले. पुढच्या काळात मिशनचा संसार या छपाईच्या कमाईवरच चालला.

आणि रविवार? रविवारी प्रार्थना होई. घरची माणसे, कामावरचे खिळे जुळवणारे, काही चिनी आणि दोनचार उत्सुक शेजारी येत. आलेले शांतपणे ऐकत. मान डोलावत. घरी जात. अमेरिकन बोर्डाने पुढे सयाममधले काम आवरते घेतले, तेव्हा सयामी धर्मांतरितांच्या रकान्यात दाखवण्यासारखे काही नव्हते. प्रेस्बिटेरियन मिशनलाही पहिला सयामी माणूस १८५९मध्ये मिळाला. तोवर एमिली ब्रॅडली क्षयाने गेल्या होत्या (१८४५) आणि मिशनच्या किती घरांतली मुले त्या हवामानात दगावली होती. एवढे सोसून हाती काही न लागण्याचे दुःख खरे होते. ते हलके करून सांगणे अन्यायाचे ठरेल.

मात्र त्या दुःखातून मिशनरी मंडळी एक निष्कर्ष वारंवार काढत, तो पटत नाही. हे लोक गोड आहेत पण उदासीन आहेत, त्यांना धर्माचे गांभीर्यच नाही, असे त्यांना वाटे. सयामी माणसाने मात्र निवड केली होती, आणि ती विचार करून केली होती.

याचा सर्वांत लखलखीत पुरावा राजपुत्र मोंगकुट. ते २७ वर्षे भिक्षू होते. कॅथलिक बिशप पालेगुआ यांना त्यांनी पाली शिकवली आणि त्यांच्याकडून लॅटिन घेतली. १८४५मध्ये त्यांनी जेसी कॅसवेल या मिशनऱ्याला वाट बोवोन्निवेत या आपल्या विहारात इंग्रजी शिकवायला बोलावले, आणि मोबदल्यात विहाराच्याच आवारात प्रवचनासाठी खोली दिली. सुमारे दीड वर्ष हा क्रम चालला. विहाराच्या महंताने परधर्माच्या प्रचारकाला जागा दिली, कारण आपल्या माणसांची श्रद्धा त्याने डळमळेल अशी त्याला भीती नव्हती. दुसरीकडे याच विहारात मोंगकुटांनी स्वतःचा छापखाना काढला, पालीसाठी नवी लिपी घडवली आणि बौद्ध संघाच्या सुधारणेला हात घातला. कॅसवेल १८४८मध्ये बँकॉकलाच वारले. मोंगकुट राजा झाल्यावर गुरूची कबर बांधायला आणि अमेरिकेतल्या विधवेला पैसे पाठवायला विसरले नाहीत.

राजा म्हणून १८५१मध्ये त्यांनी मिशनऱ्यांच्या बायकांना अंतःपुरातल्या स्त्रियांना इंग्रजी शिकवायला बोलावले. ब्रॅडलींच्या दुसऱ्या पत्नी सारा आणि आणखी दोघीजणी आठवड्याचे दिवस वाटून घेऊन जात. धडे बायबलमधून येऊ लागले आणि १८५४मध्ये हे वर्ग थांबले. राजाने इंग्रजी सोडली नाही. १८६२मध्ये ॲना लिओनोवेन्स यांना नेमताना त्याने आपली अपेक्षा स्पष्ट लिहिली: भाषा, शास्त्र आणि वाङ्मय शिकवावे, धर्म नको. १८६७मध्ये मंत्री थिपाकोरावोंग यांचे पुस्तक शिळाछापावर निघाले. निसर्गाच्या घडामोडींची शास्त्रीय कारणे, वेगवेगळ्या धर्मांचा विचार आणि मिशनऱ्यांशी झालेले वाद त्यात आहेत. इतकी वर्षे हसून ऐकणारी माणसे मनात काय जुळवत होती, ते त्या पानांवर दिसते.

त्याच वर्षी ब्रॅडलींचे जावई डॅनियल मॅकगिल्व्हरी आणि मुलगी सोफिया उत्तरेला चिआंग माईला राहायला गेले. तिथला राजा काविलोरोत याने आधी स्वागतच केले होते. नान इंता हा विहारात शिकलेला विद्वान मॅकगिल्व्हरींशी वाद घालायला येई. १८ ऑगस्ट १८६८च्या सूर्यग्रहणाची वेळ मॅकगिल्व्हरींनी त्याला आधीच सांगितली. ती जुळली तेव्हा राहूच्या कथेवरचा त्याचा विश्वास उडाला आणि पुढच्या वर्षारंभी तो ख्रिस्ती झाला. तेच ग्रहण मोंगकुटांनी स्वतः गणित मांडून वर्तवले होते. वा को या किनाऱ्यावरच्या गावी युरोपीय ज्योतिर्विद आणि पाहुणे बोलावून त्यांनी ते दाखवलेही. तिथल्या हिवतापानेच ते ऑक्टोबरमध्ये गेले. एका ग्रहणाने एका माणसाला बुद्धापासून दूर नेले, आणि त्याच ग्रहणाचे गणित मांडणारा दुसरा माणूस बौद्धच राहिला. सूर्याच्या गणितावर कोणा एका धर्माची मालकी नाही, हे मोंगकुटांनी मिशनऱ्यांच्याही आधी ओळखले होते असे म्हणावे लागते.

चिआंग माईत आणखी काहीजण ख्रिस्ती झाले तसा काविलोरोतचा स्नेह आटला. सप्टेंबर १८६९मध्ये दोन नवख्रिस्ती माणसांना त्याच्या हुकमाने ठार केले गेले. वेठबिगारीला ते आले नाहीत, एवढे कारण सांगण्यात आले. हसऱ्या शेजाराची ही हद्द होती. ती शेजाऱ्यांनी नव्हे, राजसत्तेने आखली होती. माणूस मनात काय मानतो याने राजाचे फार अडत नव्हते. त्याचे हात कोणाच्या हुकमावर चालतात याने अडत होते. सातातला एक दिवस कोणाचेही काम न करणारा माणूस त्या व्यवस्थेत बसत नव्हता.

म्हणून १८७८चा धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा बारकाईने वाचावासा वाटतो. ब्रॅडलींना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. एका ख्रिस्ती लग्नावरून उठलेल्या तंट्यात मॅकगिल्व्हरींनी बँकॉकच्या दरबाराकडे दाद मागितली आणि राजा चूलालोंगकोर्न यांच्या अधिकारात हा जाहीरनामा निघाला. कोणीही आपल्या पसंतीचा धर्म पाळावा, आणि युद्धासारखी निकड नसेल तर ख्रिस्ती माणसाला रविवारी कामाला लावू नये, असे त्यात म्हटले होते. चंद्राच्या तिथ्या पाळणाऱ्या बौद्ध राज्याने परक्यांचा एक वार असा आपल्या कायद्यात घेतला. मोंगकुटांचे पुत्र असलेल्या राजाला त्यासाठी स्वतःची एकही तिथी सोडावी लागली नाही.

त्याच सुमारास सोफिया मॅकगिल्व्हरी चिआंग माईतल्या मुलींना घरी जमवून वाचायला शिकवत होत्या. त्या वर्गातून उभी राहिलेली शाळा दारा अकादमी या नावाने आजही चालते, आणि तिथे सोमवार ते शुक्रवार शिकायला येणारी बहुसंख्य मुले बौद्ध घरांतली आहेत.