तलवारीला उतरती कळा

तलवारीचा आणि माझा संबंध शाळेच्या गॅदरिंगमध्ये आला, तेवढाच. ती पुठ्ठ्याची होती, तिला चॉकलेटची चांदी चिकटवली होती आणि पहिल्याच अंकात ती मधोमध वाकली. त्यानंतर मी शस्त्रसंन्यास घेतला. पुढे ३६ वर्षं बँकेत काढली. तिथे शस्त्र म्हणून पेन पुरतं. त्यामुळे वयाच्या ६२ व्या वर्षी 'माझ्या तलवारीची धार काढून घेतली हो!' म्हणून मी दोन रात्री तळमळत होतो, हे आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच खरं वाटत नाही.

त्याचं असं झालं. आमचे चिरंजीव टोरांटोला असतात. आमची रविवार सकाळ ही त्याची शनिवार रात्र. तेव्हा फोन व्हायचा. "जेवलास का?" "जेवलो." "थंडी?" "आहे." झालं, संपले विषय! एका रविवारी तो म्हणाला, "बाबा, नंतर बोलतो. रेड चालू आहे." हे ऐकून आमच्या हिने देवापुढे दिवा लावला. इन्कमटॅक्सची धाड, आणि तीही परमुलखात! मग कळलं, की पाचपंचवीस जणांनी आपापल्या घरी बसून, इंटरनेटवरच्या एका राक्षसावर मिळून हल्ला करायचा, याला रेड म्हणतात. मी म्हटलं, पोरगा फोनवर सापडत नाही ना, मग राक्षसाच्या दारात गाठू. आणि मीही त्या खेळात शिरलो.

या खेळांच्या दुनियेत माणूस कुणी विचारत नाही, हत्यार विचारतात. हत्यारांची उतरंड रंगावर. २००४ साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये करडा, पांढरा, हिरवा, निळा, जांभळा आणि सर्वांच्या वर नारिंगी अशा पायऱ्या आहेत. आमच्या खेळातही साधारण तसंच. आपल्याकडे रेशनकार्डालाही रंग असतात. पण तिथे पांढरं कार्ड म्हणजे खाऊनपिऊन सुखी. इथे पांढरी तलवार म्हणजे भंगारवाल्याकडे देण्याची वस्तू.

बँकेतला माणूस असल्याने मी आधी हिशेब मांडला. कुऱ्हाड तीन सेकंदांत एकदा पडते आणि १२० चं नुकसान करते. सुरी दीड सेकंदात एकदा, ६० चं. म्हणजे दोघींचा सेकंदाचा दर ४०. ताळेबंद जुळला! पण मग कुणीतरी दोन्ही हत्यारांना विष लावतो. प्रत्येक वाराला १० जास्त. आता कुऱ्हाड ४३ वर आणि सुरी ४६ च्या पुढे. एवढ्याशा विषाने सगळे सुरी घेऊन पळत सुटतात आणि कुऱ्हाडवाले रडत बसतात. हत्यारांचा समतोल म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. एकत्र कुटुंबात एका सुनेला साडी घेतली, की बाकीच्यांचं काय, हा जो प्रश्न येतो ना, तोच.

चार महिने रविवार-रविवार खपून मला एक तलवार मिळाली. रंग जांभळा. वार केला की मधूनच वीज पडायची. माझा मुलगा वैद्य झाला होता. मी मारायचं आणि त्याने मला जिवंत ठेवायचं, अशी वाटणी. (लहानपणी हे उलट होतं. मी मारायचो आणि त्याला त्याची आई जिवंत ठेवायची.) तलवारीची कीर्ती पसरली. अनोळखी लोक "या ना आमच्यात" म्हणून बोलावू लागले. निवृत्तीनंतर प्रथमच कुणाला तरी माझी गरज भासत होती!

आणि एका बुधवारी तलवारीचा जोर एकदम ३० टक्क्यांनी कमी झाला. ना नोटीस, ना सुनावणी. याला नर्फ करणं म्हणतात. नर्फ हे स्पंजच्या खेळण्यांचं नाव. १९९७ साली आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये तलवारी कमजोर केल्या, तेव्हा 'आता काय आम्ही स्पंजच्या सोट्याने लढायचं?' अशी ओरड झाली आणि त्यातून हा शब्द रुळला म्हणतात. मी ताबडतोब कागद घेतला आणि 'सविनय निवेदन की' अशी सुरुवात करून चार पानी अर्ज लिहिला.

मुलाला फोन लावला. तर तो कंपनीच्या बाजूने! "बाबा, एक तलवार फार भारी झाली की सगळे तीच घेतात. बाकीची वीस हत्यारं नुसती शोभेची."

"मग त्या विसांचा पगार वाढवा! माझा का कापता?"

"सगळ्यांचा वाढवला की राक्षस पटापट मरतात. मग राक्षस बळकट करायचे, मग पुन्हा हत्यारं. याला अंत नाही."

अहो, ही तर महागाई! वॉरक्राफ्टमध्ये तीच झाली. चाळीस-चाळीस जणांनी महिनोन्महिने राबून जांभळी हत्यारं मिळवली. २००७ साली नवा मुलूख उघडला, आणि तिथे बारीकसारीक कामांबद्दल मिळणारी हिरवी हत्यारंसुद्धा त्यांतल्या कित्येकांच्या वर गेली. आकडे फुगत फुगत लाखांवर पोचले, तेव्हा ऑक्टोबर २०१४ मध्ये सगळ्यांचेच एकदम खाली ओढले. तलवारीचेही आणि राक्षसाचेही. २०१८ साली पुन्हा तेच. १९५७ साली आण्यांचे नवे पैसे झाले, तेव्हा माझ्या आजोबांना कुणीतरी आपल्याला फसवतंय अशी खात्री वाटत होती, असं वडील सांगत. रुपया तेवढाच होता, पण आकडा बदलला की माणसाला आपणच बदललो असं वाटतं.

पटलं, पण दुखायचं ते दुखलंच. बोलावणी बंद झाली. रिटायर झाल्यावर बँकेत गेलो, तेव्हा ज्या पोराला मी काम शिकवलं, त्याने मला टोकन घ्यायला सांगितलं होतं. तसंच वाटलं. सही तीच, नुसता तिचा जोर गेलेला.

त्या रविवारी मी खेळात गेलोच नाही. तर याचाच फोन. "बाबा, येताय ना?"

"अरे, माझ्या तलवारीत आता काही राहिलं नाही."

"या हो. राक्षस जरा उशिरा मरेल, एवढंच."

गेलो. पूर्वी सहा मिनिटांत आडवा होणारा राक्षस आता साडेआठ मिनिटं घेऊ लागला. सहा मिनिटं जेवण आणि थंडीतच जायची. पण सातव्या मिनिटाला पोरगा आपणहून म्हणाला, "बाबा, इथली नोकरी मला झेपत नाहीये. आईला सांगू नका." आठव्या मिनिटाला म्हणाला, "डिसेंबरात येऊ का जरा घरी?"

मी म्हटलं, "ये." राक्षस पडला, पण आम्ही दोघेही तिथेच उभे राहिलो.

दुसऱ्या दिवशी तो चार पानी अर्ज फाडून टाकला आणि नवा लिहिला. एकच ओळ. सविनय निवेदन की, सदर तलवारीचा जोर शक्य झाल्यास आणखी पाच टक्के कमी करावा.